जोडीतला दुसरा शब्द

सकाळचे साडेसात. तंजावरच्या जुन्या बसस्थानकावर एका बसच्या दारात लोंबकळत कंडक्टर "पुदु, पुदु, पुदु" असा घोष करतोय. तेवढ्यात दुसरी बस आत वळते. तिचा कंडक्टर "पळैय, पळैय" म्हणत पेंगणाऱ्या उतारूंना उठवतोय. फलाटावर सोलापूरकडचे एक कुटुंब सामान मांडून बसले आहे: आजी, आई, वडील आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी. मोठ्यांचे डोळे पाट्यांवर आणि पाट्या बहुतेक तमिळ. मुलगी मात्र कंडक्टरांकडे कान लावून आहे.

"बाबा, पुदु म्हणजे नवा," ती जाहीर करते.

"कशावरून गं?"

"काल लॉजवाले काका म्हणाले ना, गावात दोन स्टँड आहेत, एक जुना, एक नवा. इथून निघणारा पुदु ओरडतोय आणि इथे येणारा पळैय. म्हणजे आपण बसलोय तो पळैय."

वडील छताकडे बघतात. इमारत अलीकडेच नव्याने बांधलेली, कोरी करकरीत. "हा जुना? मला तर हाच नवा वाटतोय."

"अहो बाबा, हा गावाच्या मध्ये आहे. नवा स्टँड नेहमी गावाबाहेर असतो."

पोरीने वकिली बरोबर केली आहे. दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे तिला कानांनी सांगितले. पण त्यातला कुठला जुन्याचा आणि कुठला नव्याचा, हे ठरवायला तिने इमारतीच्या रंगाकडे न बघता गावाच्या रचनेकडे पाहिले. नुसत्या जोडीवर विसंबली असती तर निम्मे काम झाले असते.

बाहेर रिक्षावाल्याशी बोलणे सुरू होते. कुटुंबाला राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय बघायचे आहे. "अरण्मनैया? कीळ वीदी," रिक्षावाला म्हणतो. आता पाळी वडिलांची. लॉजवरच्या पोऱ्याने काल "मेले" म्हणत जिन्याकडे बोट केले होते आणि जेवणासाठी "कीळे" म्हणत तळमजल्याकडे. "कीळे म्हणजे खाली. खालची गल्ली. उतार लागेल, आईला जपून न्यायला हवं," ते बायकोला सांगतात. रिक्षावाल्याला मराठी कळत नाही, पण हातवारे कळतात. तो हसतो, मान हलवतो आणि वर आलेल्या सूर्याकडे बोट दाखवतो. "किळक्कु." मग पाठ वळवून उलट्या बाजूला हात करतो. "मेर्कु."

उताराचा इथे प्रश्नच नाही. कावेरीच्या गाळाचा हा प्रदेश ताटासारखा सपाट आहे. तमिळमध्ये 'कीळ' म्हणजे खाली आणि पूर्वही. 'मेल' म्हणजे वर आणि पश्चिमही. तमिळ देशाच्या पश्चिमेला घाट, पूर्वेला समुद्र. कावेरी कोडगूत तलकावेरीला उगम पावते आणि पूंपुहारजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. पाणी ज्या दिशेने खाली जाते ती दिशा 'खाली'. म्हणून तंजावरच्या जुन्या किल्ल्यातल्या चार मुख्य रस्त्यांपैकी पूर्वेचा तो कीळ वीदी आणि पश्चिमेचा तो मेल वीदी. आपल्याकडे सह्याद्रीवर उभा असलेला माणूस 'खाली कोकणात' उतरतो तो पश्चिमेकडे, आणि कोकणातला 'वर घाटावर' चढतो तो पूर्वेकडे. वर-खाली ही जोडी दोन्हीकडे तीच. टोके मात्र अदलाबदल झालेली.

रिक्षा पूर्वेला जाते. मी पायी पश्चिमेला, मेल वीदीच्या बाजूला निघते.

वाटेत एक भाजीवाली पदपथावर केळी मांडून बसली आहे. एका ढिगात हिरवीगार, दुसऱ्यात पिवळी. गिऱ्हाईक काहीतरी विचारते. ती हिरव्या ढिगावर हात ठेवते, "वाळैक्काय". पिवळ्यावर ठेवते, "वाळैप्पळम". शेजारच्या टोपलीत कैऱ्या आहेत, त्यांना ती "मांगाय" म्हणते. मग पिकलेल्या आंब्याला काय म्हणत असतील, हे विचारायची गरजच नाही: माम्पळम. काय म्हणजे कच्चे, पळम म्हणजे पिकलेले. पुढच्या दुकानात नारळ लटकलेत, "तेंगाय". त्याला मात्र पळम नाही. नारळ या भाषेत जन्मभर कच्चाच राहतो. जोडीचा नियम तिथे येऊन थांबतो.

ज्या घरी मला जायचे आहे त्याच्या दारात ओली रांगोळी आहे आणि दाराच्या दोन्ही अंगांना तिण्णै, म्हणजे आपल्या ओट्यासारखे बसायचे दगडी कट्टे. डावीकडच्या तिण्णैवर एक निवृत्त शिक्षक मांडीवर फळी घेऊन बसले आहेत. घराणे तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या पावात इथे गादी स्थापली, 1855 साली शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले आणि कंपनीने संस्थान संपवले. राज्य गेले, पण घरात मराठी राहिली. सरांच्या बोलण्याला तमिळ हेल आहे आणि लिहिण्याला मोडीचे वळण.

समोर दोन मुली. इतिहासात एम. ए. करणाऱ्या. एक गावातलीच, दुसरी कुंभकोणमहून सकाळच्या गाडीने येणारी. दोघींनाही मराठी येत नाही. त्यांना हवी आहे ती मोडी, कारण दोन शतकांपूर्वीचे तंजावर, म्हणजे देवळांची नेमणूक, अन्नछत्रांचा शिधा, नाचणारणींचे वेतन, हे सगळे मोडी कागदांत आहे. तमिळ विद्यापीठाने 1989 साली त्यातल्या बऱ्याच कागदांचे तमिळ भाषांतर खंडशः छापले. तरी मूळ कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची हौस वेगळी.

"वांग, वांग," सर मला म्हणतात आणि लगेच मराठीत येतात, "या, बसा. काफी येतेय."

मुलींपुढे जुन्या हिशेबाच्या धाटणीचा एक सरावाचा कागद आहे. सरांनी स्वतः लिहिलेला. आधी कागदभर आडव्या रेघा आखलेल्या आणि त्या रेघांना टांगल्यासारखी अक्षरे. हात न उचलता लिहिलेली, शब्दाशब्दांत जागा न सोडलेली. विरामचिन्ह एकही नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाही. 'दिन' आणि 'दीन' सारखेच दिसतात. कुंभकोणमची नेमकी तिथेच अडली आहे.

"सार, हे दिवस की गरीब?"

"शेजारी कोण बसलंय बघ ना, मा."

ती बोट पुढे सरकवते. एकेक अक्षर तमिळमध्ये पुटपुटत जोडते. "रा... त्र. रात्र."

"मग?"

"दिवस." आणि खालच्या ओळीत तेच अक्षर पुन्हा येते तेव्हा ती विचारत नाही, आधी शेजार बघते. तिथे 'धनवंत' आहे. ती समासात तमिळमध्ये 'एळै' लिहिते, म्हणजे गरीब. वेलांटीचे काम शेजाऱ्याने केले.

सरांची एक शिस्त आहे. ताडून बघितलेला अर्थ शाईने लिहायचा, अंदाजाने काढलेला पेन्सिलने. सरांच्या गुडघ्याशी मोल्सवर्थचा कोश आहे, 1857 च्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण, पाठीला कापड चिकटवलेले. पण पहिला तास त्याला हात लावायचा नाही. "कोश एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द देतो," ते मला सांगतात. "कारकून तसा लिहीत नाही. तो जमेसमोर खर्च लिहितो. कारकुनाकडून शिकायचं तर समोरचं वाचायला शिकावं लागतं."

कागदाची सुरुवात 'इस्तकबिल' या शब्दाने होते. पुढे चैत्र शुद्ध 1. मग 'तागाईत', पुढे फाल्गुन वद्य 30. गावातली मुलगी शुद्ध-वद्यावर अडत नाही, घरच्या पंचांगातली वळर्पिरै आणि तेय्पिरै तिला ठाऊक आहे, वाढता चंद्र आणि झिजता चंद्र. पण इस्तकबिल? ती दोन तारखांकडे बघते. एक वर्षाच्या तोंडाची, दुसरी शेपटाची. "पासून आणि पर्यंत," ती म्हणते आणि पेन्सिल उचलते. 'आजतागायत' रोज तोंडात असलेल्या माझ्यासारख्या माणसाला तागाईत आधी उमगतो आणि त्याच्या आधाराने इस्तकबिल. तिला दोन्ही शब्द सारखेच परके. तिने तारखांचा आधार घेतला. दोघी एकाच अर्थाला पोचलो.

पुढे दोन रकाने. एकाच्या माथ्यावर 'नक्त', दुसऱ्याच्या 'ऐनजिनस'. नक्तखाली चक्रम आणि पणम असे आकडे, ऐनजिनसखाली कलम आणि मरक्काल. कलम इथे लेखणी नव्हे की कायद्याचे कलम नव्हे. ते भाताचे माप, 12 मरक्कालांचे. तंजावरच्या पोरींना ते सांगावे लागत नाही. रोकड इकडे, धान्य तिकडे. कोश न उघडता दोन्ही फारसीतून आलेले शब्द सुटतात.

आतून काकू काफी आणतात. डवऱ्यातून टंबलरमध्ये, टंबलरमधून डवऱ्यात, उंच धार धरून दोनदा ओतून माझ्या हातात देतात. कागदावर डाग पडू नये म्हणून मुलींना ती तिण्णैच्या पलीकडच्या टोकाला जाऊन प्यावी लागते.

परत येतात तोवर सरांनी एका शब्दावर बोट ठेवले आहे. 'कौलकरार'. गावातली उत्साहात आहे, सकाळपासून तिचे सगळे बरोबर येतेय. "कौल म्हणजे वचन, हे मागच्या कागदात आलं होतं. म्हणजे करार त्याच्या उलटा. वचनभंग!"

सर काही बोलत नाहीत. फळीवर चार जोड्या लिहितात: देणेघेणे, नफातोटा, कागदपत्र, बाजारहाट. आणि तमिळमध्ये अर्थ सांगतात. पहिल्या दोन जोड्यांत भांडण आहे, दुसऱ्या दोघींत नाही. तिथे एकच गोष्ट दोनदा सांगून पक्की केली आहे. मराठीला दोन्हीची सवय. शेजारी बसला म्हणून तो विरोधी पक्षातलाच असे समजायचे नाही.

"मग ओळखायचं कसं, सार?"

"दोघांच्या वाट्याला वेगवेगळं काही आलंय का ते बघायचं. नक्ताला पैसे आले, ऐनजिनसाला भात. इस्तकबिलाला एक तारीख, तागाइताला दुसरी. कौलाला काय आलं आणि कराराला काय आलं?"

ती ओळ पुन्हा वाचते. दोघांच्या वाट्याला मिळून एकच गाव आहे. ती पेन्सिलीचे अक्षर खोडते.

शेवटचा परिच्छेद सगळ्यांत लांब. पेशजी अमुक कारकून कामावर होता, तो तगीर झाला; हल्ली त्याच्या जागी तमुक बहाल. पेशजी आणि हल्ली या दोन शब्दांनी काळ दोन्ही बाजूंना वाटून दिला आहे, त्यामुळे आधीचा आणि आताचा हे पटकन लागते. बहाल म्हणजे नेमला. मग तगीर?

"मेला," गावातली म्हणते.

कुंभकोणमची मान हलवते. "काढला असेल. किंवा स्वतःच सोडून गेला."

"तिन्ही बहालाच्या उलटच," सर म्हणतात. "खुर्ची रिकामी झाली एवढं तुम्हाला कळलं. कशानं रिकामी झाली?"

दोघी गप्प. रस्त्यावरून फुलवाली ओरडत जाते. कुंभकोणमची कागद उलटा करते, मग सुलटा, मग खालून वर वाचू लागते. जमाखर्चाच्या अखेरीस, बाकीच्या रकान्यात, तिचे बोट थांबते. तेच पहिल्या कारकुनाचे नाव. त्याच्यापुढे मागील थकलेल्या वेतनापैकी काही पणम, आणि 'खुद्द' हा शब्द.

"खुद्द म्हणजे?"

"स्वतः."

"स्वतः येऊन पैसे घेतले," ती सावकाश म्हणते. "म्हणजे मेला नाही."

"आणि सोडून गेला असेल तर?"

ती पुन्हा तगीरवर येते. आधीचे अक्षर, नंतरचे अक्षर. कारकून तगीर 'झाला', एवढेच आहे. का, कुणी, काही नाही. ती शब्दावर पेन्सिलीने 'काढला' लिहिते, पुढे प्रश्नचिन्ह टाकते आणि शाईचे पेन बाजूला ठेवते. आता सर मोल्सवर्थ तिच्याकडे सरकवतात. ती 'त' काढते, पान उलटते, बोट खाली नेते. नोकरीवरून दूर केलेला. ती प्रश्नचिन्ह खोडून शाईने लिहिते.

दहा वाजून गेलेत, उन्हाची तिरीप तिण्णैवर आली आहे. सर फळी आवरतात आणि खालून उद्याचा कागद काढून देतात. गावातली तो वरपासून खालपर्यंत नजरेने चाळते.

"सार, यात जमाच आहे. खर्च कुठंय?"

"तो पुढच्या पानावर असायचा. ते पान गहाळ आहे असं समजा," सर म्हणतात, "कागदांच्या खऱ्या रुमालांत असंच असतं," आणि चपला शोधायला उठतात.