धूम्रपानत्याग, यवतमाळ जिल्ह्यातील
विडी, सिगारेट, चिलीम इत्यादींच्या द्वारे तंबाखूचा धूर घेण्याची सवय कायमची सोडणे म्हणजे धूम्रपानत्याग होय. इच्छाशक्ती असली की सवय सुटते, हा समज अपुरा आहे. धुरातील निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि सुमारे दोन तासांत त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येते. त्यामुळे पुन्हा तलफ येते. सवय सोडल्यावर उद्भवणारी चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश ही लक्षणे पहिल्या आठवड्यात तीव्र असतात व बहुधा तीन-चार आठवड्यांत ओसरतात. साहाय्याविना प्रयत्न करणाऱ्या शंभरांपैकी तीन ते पाच जणच दीर्घकाळ टिकून राहतात.

यवतमाळ जिल्ह्याच्या जंगलांत विड्यांसाठी तेंदूपाने गोळा केली जातात. तथापि विदर्भात तंबाखूचे अधिक रूढ रूप म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून तो पानठेल्यावर तयार करतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३·८ टक्के धूम्रपान करीत, तर २४·४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरीत. म्हणून विडी टाकून खर्रा धरणाऱ्यास व्यसनमुक्त म्हणता येत नाही. निकोटीन तेच राहते. शिवाय सुपारीमुळे तोंड उघडणे कठीण करणारा तंतुमय विकार व मुखाचा कर्करोग यांचा धोका वाढतो. निव्वळ धूर सोडणाऱ्यांची मोजदाद येथे फसवी ठरते, ती यामुळेच.

त्यागाच्या आड येणाऱ्या गोष्टी बऱ्याच अंशी सामाजिक आहेत. खर्रा एकट्याने क्वचितच खाल्ला जातो; पुडी पुढे करणे हा स्नेहाचा व्यवहार असून ती नाकारणे अवघड जाते. कष्टाच्या कामात भूक व थकवा मारण्यासाठी तंबाखू घेतली जाते, तर दातदुखीवरील उपाय म्हणून तंबाखूची मशेरी लावली जाते. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. परंतु सुपारी व तंबाखू जागेवर घोटून देणाऱ्या ठेल्यावर अंमल बसविणे कठीण असते.

साहाय्यक उपायांत साधा सल्ला महत्त्वाचा ठरला आहे. रसेल व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लंडनमधील प्रयोगात डॉक्टरांचा अल्प सल्ला, माहितीपत्रक व पुढील तपासणीची सूचना मिळालेल्यांपैकी ५·१ टक्के, तर काहीच न सांगितलेल्यांपैकी ०·३ टक्के लोक वर्षभर धूम्रपानापासून दूर राहिले. हे प्रमाण अल्प दिसते. पण सल्ल्याला खर्च जवळजवळ नसतो. भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील ३६,००० हून अधिक तंबाखूसेवकांना प्रत्यक्ष भेटी व चित्रपट यांद्वारे समजाविले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या निष्कर्षांत सवय सोडणाऱ्यांचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा अधिक आढळले व तोंडातील पांढरे चट्टे कमी उद्भवले. त्या गटात तंबाखू चघळणारेही होते, ही बाब यवतमाळच्या दृष्टीने मोलाची आहे. विदर्भातच गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या कार्यक्रमाने व्यक्तीऐवजी गावाला केंद्र मानून दारू व तंबाखूविरुद्ध काम केले.

वरील राष्ट्रीय पाहणीत वैद्यकीय सेवकांकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८·८ टक्के लोकांना, तर धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी अवघ्या ३१·७ टक्के लोकांना सोडण्याचा सल्ला मिळाला होता. दवाखान्यात ‘विडी ओढता का?’ एवढेच विचारले, तर खर्रा खाणारा खरेपणाने ‘नाही’ म्हणून निघून जातो. निकोटीनयुक्त च्युइंगगम व पट्टी यांमुळे यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. मात्र ज्याचे तोंड नीट उघडत नाही, त्यास गमऐवजी त्वचेवरील पट्टी अधिक सोयीची पडते.