चादरीवरील पान आणि पडद्यावरील झाड

सोलापूरची चादर ठाऊक नाही, असे घर महाराष्ट्रात विरळाच. ती अंथरली म्हणजे तिच्यावरील फुले, पाने आणि मोर डोळ्यांत भरतात. ही नक्षी कापडावर छापलेली नसते, तर धाग्यांतूनच विणलेली असते. चादर उलटून पाहिली, तर मागेही तेच पान आढळते. मात्र पुढच्या बाजूस जो रंग पानाचा असतो, तो मागच्या बाजूस भोवतालच्या जमिनीचा झालेला असतो.

निर्जीव मागाला पानाचा आकार कसा कळतो? या प्रश्नाचे उत्तर जॅकर्ड नावाच्या यंत्ररचनेत आहे. फ्रान्समधील लिआँ या रेशमी कापडाच्या शहरातील जोसेफ मारी जॅकर्ड या कारागिराने 1804 साली ती सिद्ध केली. प्रथम चौकटींच्या कागदावर पानाचे चित्र काढतात. मग त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात. जेथे भोक असेल तेथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा वर उचलला जातो. जेथे भोक नसेल तेथील धागा खालीच राहतो. वर उचललेल्या आणि खाली राहिलेल्या धाग्यांमधून धोटा आडवा धागा घेऊन जातो. एक पट्टी म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. अशा शेकडो पट्ट्यांची माळ फिरली, की एक पूर्ण फूल किंवा पान उमटते. माळ पुन्हा फिरली, की तेच पान पुन्हा उमटते.

भोक आहे किंवा नाही, एवढ्या साध्या खुणेने यंत्राला आज्ञा देता येते, ही गोष्ट पुढे फार मोलाची ठरली. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने गणिते करणाऱ्या एका मोठ्या यंत्राचा आराखडा केला, तेव्हा आज्ञा देण्यासाठी त्याने अशाच पट्ट्या योजल्या. ते यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. पण 1843 साली एडा लव्हलेस या विदुषीने त्याचे मर्म समजावून सांगताना फुले-पाने विणणाऱ्या जॅकर्डच्या मागाचेच उदाहरण दिले. आजचा संगणक हा त्याच विचाराचा वंशज होय.

आता या संगणकाकडून झाडाचे चित्र करून घ्यावयाचे आहे, असे समजू. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाचे दृश्य पडद्यावर उभे करावयाचे आहे. तलावाच्या मध्यभागी मंदिर आहे. शेजारी भुईकोट किल्ल्याची तटबंदी आहे. भिंत, पायरी, बुरूज यांची मापे घेतली, की ती पडद्यावर उभी करणे फारसे कठीण नसते. परंतु काठावर एक कडुनिंब दाखवावयाचा म्हटले, की खरी परीक्षा सुरू होते. त्याची हजारो पाने एकेक करून कोण काढणार?

यावरचा उपाय एका वनस्पतींच्या अभ्यासकाने दाखविला. ॲरिस्टिड लिंडेनमायर या हंगेरियन शास्त्रज्ञाने 1968 साली सूक्ष्म शेवाळासारख्या वनस्पतींची वाढ थोड्याशा नियमांत मांडली. झाड काढू नये, झाड वाढविण्याचा नियम सांगावा, हे या पद्धतीचे सार होय. समजा, नियम असा आहे की प्रत्येक फांदीला दोन फांद्या फुटाव्यात. मग एका खोडाच्या दोन फांद्या होतील, दोनांच्या चार, चारांच्या आठ. हाच नियम दहा वेळा लावला, तर 1024 डहाळ्या होतात. प्रत्येक डहाळीला दहा पाने दिली, तर पानांची संख्या 10,240 होते. एका ओळीचा नियम, आणि त्यातून एवढा मोठा पर्णसंभार!

तथापि अशा रीतीने केलेले पहिले झाड पाहून कोणीही हसेल. त्याच्या सर्व फांद्या सारख्याच कोनात वळलेल्या आणि सर्व पाने एकाच मापाची दिसतील. त्याच झाडाच्या शंभर प्रती काठाने लावल्या, तर झाडांऐवजी कवायतीला उभी राहिलेली पलटण दिसेल. चादरीवर पान पुन्हा पुन्हा हुबेहूब उमटते, हा चादरीचा गुण आहे. झाडाच्या चित्रात मात्र तोच दोष ठरतो. निसर्गात एका झाडाची दोन पानेसुद्धा तंतोतंत सारखी नसतात.

म्हणून नियमाच्या जोडीला थोडी मोकळीक द्यावी लागते. फांदी 40 ते 50 अंशांच्या मध्ये कोठेही वळावी, पान थोडे लहान किंवा मोठे व्हावे, एखादी डहाळी मध्येच खुंटावी, असे संगणकाला सांगतात. फासे टाकून दान घ्यावे, तसा तो प्रत्येक वेळी निराळा आकडा घेतो. मात्र ही मोकळीक मर्यादेतच असावी लागते. नाहीतर कडुनिंबाचा कडुनिंबपणाच नाहीसा होतो.

हा कडुनिंबपणा कशात आहे, हे संगणकाला ठाऊक नसते. ते माणसाने झाडाखाली उभे राहून पाहावे लागते. कडुनिंबाच्या पानाच्या मधल्या दांड्यावर दोन्ही बाजूंनी पर्णिका असतात. प्रत्येक पर्णिका विळ्यासारखी किंचित वाकडी असते, तिच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात आणि देठाजवळ तिच्या दोन बाजू सारख्या नसतात. रुईची पाने जोडीने समोरासमोर येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला आडवी असते. पिंपळाच्या पानाचा देठ लांब असल्यामुळे मंद वाऱ्यातही ते सळसळते. हे भेद ज्याने पाहिले नाहीत, त्याची सर्व झाडे एकाच जातीची होतात.

आकार साधला, तरी प्रकाश उरतोच. पान म्हणजे हिरवा पुठ्ठा नव्हे. सूर्य आपल्या पाठीशी असताना पान गर्द हिरवे दिसते आणि त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग चकाकतो. तेच पान सूर्य आणि डोळा यांच्यामध्ये आले, की प्रकाश त्यातून गाळून येतो आणि ते पोपटी, तेजस्वी दिसू लागते. त्याच्या शिराही स्पष्ट होतात. संगणकाच्या चित्रात हा आरपार येणारा प्रकाश दाखविला नाही, तर झाड निर्जीव वाटते. शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या पानांवर धूळ बसलेली असते, काहींना किडीने भोके पाडलेली असतात, काही पिवळी पडलेली असतात. चैत्रात कडुनिंबाला तांबूस कोवळी पालवी फुटते. हे सारे चित्रात आले पाहिजे. निर्दोष पानांचे झाड खरे वाटत नाही. थोडे दोष असलेले झाडच खरे वाटते.

चित्रपट, खेळ, तसेच नव्या इमारती व उद्याने यांचे आराखडे यांसाठी आज अशी झाडे केली जातात. साधने दिवसेंदिवस वेगवान होत आहेत. परंतु चौकटींच्या कागदावर चादरीचे पान आखणारा कारागीर असो, की संगणकापुढे बसलेला चित्रकार असो, दोघांच्याही कामाचा आरंभ एकच आहे. यंत्र आज्ञा पाळते. पण काय सांगावे, हे ज्याने पाहिले त्यालाच कळते. पडद्यावरचा कडुनिंब कितीही हुबेहूब झाला, तरी वैशाखातील दुपारी त्याच्याखाली कोणाला सावली मिळत नाही. ती सावली देणारे झाड अंगणात किंवा रस्त्याकडेला उभे आहे. चित्रकाराचा खरा गुरूही तेच झाड होय.