समजून घ्या : खासगी वैमानिकाने सोबत काय ठेवावे, कागदी नकाशा की टॅबलेट?

छोटे विमान चालवणारा खासगी वैमानिक कॉकपिटमध्ये बऱ्याचदा एकटाच असतो. पुढच्या विमानतळाची धावपट्टी किती लांब, रेडिओची फ्रिक्वेन्सी कोणती, इंधन मिळेल का, हे त्यालाच शोधावे लागते. ही माहिती पूर्वी नकाशे आणि छापील पुस्तिकांत असायची, आता ती टॅबलेटवर मिळते. मग कागद घरी ठेवायचा का? हौशी वैमानिकांची संख्या मोठी असलेल्या अमेरिकेत काय चालते, ते पाहूया.

नियम काय सांगतो?

अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था ‘एफएए’ खासगी उड्डाणात कागदाऐवजी टॅबलेट वापरू देते. मात्र त्यातील माहिती अद्ययावत हवी. दुसरे साधन सोबत ठेवण्याची सक्ती नाही, पण ते ठेवावे, असा सल्ला आहे. तिथे प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांनाही हेच लागू होते.

टॅबलेटचा फायदा कोणता?

एफएएचे हवाई नकाशे दर ५६ दिवसांनी बदलतात. कागद वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी नवी प्रत घ्यावी लागते. जुना नकाशा वापरला, तर बदललेली फ्रिक्वेन्सी किंवा नवा उंच टॉवर कळतच नाही. टॅबलेटवर नवी आवृत्ती काही मिनिटांत डाउनलोड होते. शिवाय, जीपीएसमुळे आपले विमान नकाशावर नेमके कुठे आहे, तेही दिसते.

मग धोका कुठे?

आयपॅड ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, असे ॲपल सांगते. काचेतून थेट ऊन येणाऱ्या कॉकपिटमध्ये तो तापून बंद पडू शकतो. बॅटरी संपणे, जीपीएस सिग्नल जाणे, हे वेगळेच.

दुसरा टॅबलेट ठेवला तर?

बॅटरी संपली किंवा स्क्रीन फुटली, तर तो कामी येतो. पण बिघाड माहितीतच असेल तर? एप्रिल २०१५मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या आयपॅडमधील ॲप बंद पडले आणि अनेक विमानांना उशीर झाला. वॉशिंग्टनच्या एका विमानतळाचा नकाशा डेटाबेसमध्ये दोनदा गेल्याने हे घडले होते. एकच ॲप आणि एकच डेटा असेल, तर दोन्ही उपकरणे एकाच वेळी अडू शकतात. कागद मात्र अशा कारणाने बंद पडत नाही.

उड्डाणापूर्वी काय करावे?

- नवी आवृत्ती वायफायवर आदल्या दिवशीच डाउनलोड करा.
- एअरप्लेन मोड लावून नकाशे उघडतात का, ते तपासा.
- टॅबलेट पूर्ण चार्ज करा, पॉवर बँक घ्या.
- टॅबलेटवर थेट ऊन पडणार नाही, अशी जागा निवडा.
- त्या दिवसाच्या मार्गाचा चालू आवृत्तीचा नकाशा कागदावर ठेवा. फ्रिक्वेन्सी आणि धावपट्टीची लांबी हाताने लिहून घ्या.

थोडक्यात, रोजच्या वापराला टॅबलेट सोयीचा. पण हवेत स्क्रीन काळी झाली, तर जवळच्या धावपट्टीपर्यंत पोहोचण्यापुरता कागद हाताशी हवाच.