तडकलेला ब्लॉक : भंगार की उपयोगी?
जुन्या इंजिनांच्या नादापायी अंगणात आणलेल्या एका बिडाच्या ब्लॉकवर, तो धुऊन काढताच, केसाएवढी रेघ दिसली, तेव्हा आमच्या मिस्त्रींनी तो तत्काळ भंगारात घालण्याचा हुकूम फर्मावला. परंतु तडा कोठे आहे याची तपासणी झाल्यावाचून निकाल देणे मला रास्त वाटेना. रेघेवर रॉकेल लावून, थोड्या वेळाने ते कोरडे पुसून, वर खडूची पूड चोळली, म्हणजे आत मुरलेले रॉकेल हळूहळू वर झिरपून तड्याची खरी लांबी काळसर रेषेने उमटवते, आणि ती डोळ्यांच्या अंदाजाहून बहुधा बरीच अधिक भरते! थंड मुलखात गोठलेले पाणी सुमारे ९ टक्के फुगल्यामुळे वॉटर जॅकेटच्या बाहेरील भिंतीस गेलेला तडा, तेथे दाब बेताचाच असल्याने, एकमेकींत गुंतणाऱ्या आट्यांच्या पिनांनी शिवता येतो. सिलिंडरमधला कधी कधी लायनरने निभावतो. मात्र क्रँकच्या मेन बेअरिंगला आधार देणाऱ्या भिंतीत तो शिरला असेल, तर प्रत्येक ज्वलनाचा धक्का तेथेच पोहोचत असल्यामुळे, दुरुस्तीचा खर्च माझ्या मते व्यर्थ होय. माझी रेघ जॅकेटवरची निघाली. शिवून, पाण्याच्या सर्व वाटा बंद करून, आत हवा भरून ब्लॉक गरम पाण्यात बुडविला. एकही बुडबुडा आला नाही, तरी मिस्त्री अजून कुरकुरतातच.