वंशवेलीचा माग (भाग ७) : डीएनए चाचणीतली टक्केवारी किती कामाची?

वंशशोधाच्या डीएनए चाचणीसाठी एका छोट्या नळीत लाळ घेतात आणि प्रयोगशाळेत तिच्यातल्या डीएनएवरच्या साधारण सहा-सात लाख जागा वाचतात. सगळा डीएनए वाचला जात नाही. माणसामाणसांत जिथे फरक सापडतो अशा निवडक जागाच तपासल्या जातात. या वाचनातून तीन निरनिराळ्या गोष्टी हाती येतात. पूर्वज कोणत्या प्रदेशातले असावेत याची टक्केवारी, ही पहिली. त्याच कंपनीकडे चाचणी केलेल्या नातेवाइकांची यादी, ही दुसरी. आणि चाचणी त्या प्रकारची असेल तर निव्वळ पितृवंशाची किंवा निव्वळ मातृवंशाची खूण, ही तिसरी. जाहिरात होते ती पहिलीची. घराण्याच्या इतिहासाला सर्वांत कमी उपयोगी पडते तीही पहिलीच.

टक्केवारी काढण्यासाठी प्रत्येक कंपनी एक संदर्भगट बाळगते. ज्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या एकाच भागात राहिल्याचे ठाऊक आहे, अशा हयात माणसांच्या डीएनएचा हा संग्रह असतो. ग्राहकाच्या डीएनएचे तुकडे या संग्रहाशी ताडून पाहिले जातात आणि जो तुकडा ज्या गटाशी अधिक जुळतो तो त्या गटाच्या खाती टाकला जातो. म्हणजे तुलना आजच्या लोकांशी होते, पणजोबांच्या काळच्या लोकांशी नव्हे. संदर्भगट वाढला किंवा गणिताची पद्धत बदलली की तीच लाळ नवी टक्केवारी सांगू लागते. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने २०१९ मध्ये एकाच बीजांडातून जन्मलेल्या जुळ्या बहिणींचे नमुने पाच कंपन्यांकडे पाठवले. पाचही कंपन्यांची उत्तरे एकमेकींशी जुळली नाहीत. काही ठिकाणी तर एकाच कंपनीने दोघी बहिणींना वेगवेगळे आकडे दिले. जुळ्यांचा डीएनए जवळजवळ तंतोतंत सारखा असतो, तेव्हा हा फरक मोजमापाचाच म्हणायला हवा.

दुसरी अडचण आनुवंशिकतेच्या नियमातच आहे. आईवडिलांकडून निम्मा-निम्मा डीएनए येतो हे खरे, पण आजी-आजोबांचा वाटा काटेकोर पाव नसतो. कुणाचा थोडा जास्त येतो, कुणाचा थोडा कमी. त्यामुळे सख्ख्या भावंडांची टक्केवारीही वेगळी निघते. दहा पिढ्या मागे गेले तर कागदावर १०२४ पूर्वज होतात. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या डीएनएचा एक तुकडाही आजच्या वंशजात उरलेला नसतो. ‘अमुक प्रदेश शून्य टक्के’ याचा अर्थ तिथला पूर्वज नव्हता असा होत नाही.

भारतीयांच्या बाबतीत टक्केवारी आणखी लंगडी पडते. या कंपन्यांचे ग्राहक मुख्यतः अमेरिका आणि युरोपातले, संदर्भगटही त्याच धाटणीचे. आयर्लंडमधला एखादा जिल्हा ओळखू शकणारी चाचणी भारतीय माणसाला एक-दोन ढोबळ विभाग सांगून थांबते. शिवाय इथल्या लोकसंख्येची घडणच निराळी आहे. हैदराबादची सीसीएमबी ही संस्था आणि हार्वर्डचे संशोधक यांनी २००९ आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनुसार बहुतेक भारतीय समूह दोन मोठ्या प्राचीन प्रवाहांच्या मिश्रणातून झाले. हे मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात घडले आणि पुढे जातीअंतर्गत विवाहांनी त्याला बांध घातला. साहजिकच शेजारच्या दोन जातींमधला फरक कधी दूरच्या दोन प्रांतांतल्या फरकापेक्षा मोठा भरतो, आणि प्रदेशाच्या नकाशावर तो दाखवता येत नाही. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव यांपैकी काहीही लाळेतून निघत नाही. जातीचा दाखला मिळवण्यासाठी वंशावळ लागते ती कागदांची, आणि त्यात या टक्केवारीला स्थान नाही.

समूहाचा इतिहास आणि घराण्याचा इतिहास या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. कोकणातल्या बेने इस्रायली या ज्यू समाजाचे उदाहरण यासाठी फार चांगले आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे लोक गावात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. मराठी बोलणारे, गावावरून केहिमकर, पेणकर, दिवेकर अशी आडनावे लावणारे. १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले आणि १९४८ नंतर यांतले बहुतेक लोक इस्रायलला गेले. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत शंका घेतली आणि तो वाद १९६४ पर्यंत चालला.

२०१६ मध्ये या समाजातल्या १८ व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरघोस प्रमाणात सापडले. ज्यू वारसा पश्चिम आशियातल्या ज्यूंशी जुळणारा होता आणि तो अधिककरून पुरुषांकडून आलेला; स्थानिक वारसा अधिककरून स्त्रियांकडून. मिश्रणाचा काळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा निघाला. पिढी २५ ते ३० वर्षांची धरली तर साधारण पाचशे ते हजार वर्षे. जहाज फुटल्याच्या कथेतला काळ पुष्कळ जुना आहे, पण मिश्रणाचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे, त्यामुळे कथा खोटी ठरत नाही. सिद्धही होत नाही. एका समाजाच्या परंपरेतला मुख्य धागा, म्हणजे ज्यू पूर्वजांचा, डीएनएने पक्का केला एवढे निश्चित. मात्र एखाद्या पेणकर कुटुंबाला आपले पणजोबा कोण आणि मुंबईच्या दिवेकरांशी आपले नाते काय, हे विचारायचे असेल तर हा अभ्यास मुका आहे. त्यासाठी सिनेगॉगमधल्या विवाहनोंदी, दफनभूमीतले शिलालेख आणि घरातल्या वृद्धांची आठवण याच वाटा उरतात.

डीएनएने घराण्याचा प्रश्न खरोखर सोडवला असे उदाहरणही भारताशी जोडलेलेच आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात सुरतेला थिओडोर फोर्ब्स नावाचा स्कॉटिश व्यापारी होता. त्याच्या घरात एलायझा केवार्क नावाची स्त्री राहत होती. १८१२ मध्ये जन्मलेली त्यांची मुलगी कॅथरिन लहानपणीच स्कॉटलंडला पाठवली गेली. कॅथरिनपासून आईकडून मुलीकडे अशा सलग वंशाने सहाव्या पिढीला डायना आणि सातव्या पिढीला राजपुत्र विल्यम येतात. कौटुंबिक कागदांत एलायझाची ओळख आर्मेनियन अशी होती. २०१३ मध्ये या मातृवंशातल्या दोन दूरच्या नातेवाइकांची चाचणी झाली आणि त्यांच्यात आर३०बी ही दुर्मीळ खूण सापडली. ही खूण जवळजवळ फक्त भारतीय उपखंडातच आढळते. म्हणजे एलायझाची आई, किंवा तिच्याही मागची कुणी स्त्री, इथली होती. केवार्क हे नाव आर्मेनियन असल्याने वडील आर्मेनियन असणे सहज शक्य आहे. कागद आणि डीएनए यांत भांडण नाही. इथे टक्केवारीवर विसंबले असते तर काय हाती आले असते? सात पिढ्यांनंतर एका पूर्वजाचा सरासरी वाटा १२८ भागांतला एक, एक टक्क्याहूनही कमी. एवढा आकडा मोजमापातली चूक म्हणून सोडून देता येतो. काम झाले ते मातृवंशाच्या खुणेने, आणि तेही आईपासून मुलीपर्यंतची साखळी कागदोपत्री आधीच जोडलेली होती म्हणून.

ही खूण तंतुकणिकांमधल्या डीएनएची असते. तो आईकडून सर्व मुलांना मिळतो, पण पुढे देतात त्या फक्त मुली. मराठी घराण्यांच्या इतिहासात याचे मोल वेगळे आहे. छापील कुलवृत्तांतांत पुरुषांची नावे दहा-बारा पिढ्या मागे जातात आणि लेकींची रेघ लग्नापाशी तुटते. लग्नात आडनावाबरोबर पुष्कळदा मुलीचे पाळण्यातले नावही बदलले जाई, त्यामुळे माहेर आणि सासर अशा दोन्ही कागदांत एकच स्त्री दोन निरनिराळ्या नावांनी येते आणि तिचा माग हरवतो. नावे कितीही बदलली तरी तंतुकणिकांची खूण तीच राहते. ती अतिशय सावकाश बदलते ही तिची मर्यादा: समान खूण असलेल्या दोन स्त्रियांची सामाईक आजी दोनशे वर्षांपूर्वीची की दोन हजार, हे खुणेवरून ठरत नाही.

पितृवंशाची खूण असलेले वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते. इंग्लंडमध्ये आडनावही तसेच जात असल्याने एका आडनावाच्या पुरुषांचे वाय ताडून शाखा जोडण्याचे प्रकल्प चालतात. महाराष्ट्रात ही युक्ती चालत नाही. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख ही कामांची आणि वतनांची नावे. दोन कुलकर्ण्यांचे रक्ताचे नाते असेलच असे नाही. दत्तकाचाही विचार करावा लागतो. दत्तक मुलगा भाऊबंदांतला असेल तर वाय तेच राहते, परक्या कुळातला असेल तर बदलते आणि वंशावळीत मात्र रेघ सरळच दिसते. अशा ठिकाणी चाचणीने कागदाला प्रश्न विचारणे योग्यच आहे. उत्तर बहुधा जुन्या मोडी दत्तकपत्रात सापडते.

उरली नातेवाइकांची यादी. दोन व्यक्तींत सामाईक डीएनए किती हे सेंटिमॉर्गन या एककात मोजतात. आईवडील आणि मूल यांच्यात साडेतीन हजारांच्या आसपास, सख्ख्या चुलत वा मामे भावंडांत सुमारे साडेआठशे, त्यापुढच्या पिढीतल्या भावंडांत सव्वादोनशे, आणखी एका पिढीने सत्तर-पंचाहत्तर. हे आकडे पाश्चात्त्य कुटुंबांवरून बेतलेले आहेत. जिथे मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची रीत आहे, तिथे ते फसतात. अशा जोडप्याच्या मुलांना आठ पणजी-पणजोबांऐवजी सहाच असतात, आणि एकाच पूर्वजाचा डीएनए दोन वाटांनी येतो. दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांच्या २०१७ मधल्या अभ्यासात ८१ समूह असे निघाले, की त्यांच्यातली आपापसातली जवळीक फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही दाट आहे. तेव्हा यादीतला ‘तिसऱ्या पिढीतला भाऊ’ प्रत्यक्षात सहाव्या-सातव्या पिढीतला निघू शकतो.

तरीही काही लोकांपुढे ही यादीच एकमेव दार असते. भारतातून परदेशात दत्तक गेलेल्यांना जन्मदात्यांचा कागद बहुधा मिळतच नाही. त्यांना चाचणीतून एखादा दूरचा नातेवाईक सापडला तरी शोध सुरू होतो. याउलट मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांना चाचणी ‘दक्षिण आशियाई’ एवढेच सांगेल, आणि ते त्यांना ठाऊकच आहे. त्यांच्या खापरपणजोबांचे नाव, वडिलांचे नाव, वय, गाव आणि जहाज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या गिरमिटियांच्या, म्हणजे कराराने नेलेल्या मजुरांच्या, नोंदवह्यांत मिळते. घराण्याची खरी गाठ तिथे पडते.

जोखीमही ध्यानात घ्यावी. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीची सुमारे १४ हजार खाती फोडली गेली आणि नातेवाइकांच्या जोडण्यांमधून जवळजवळ ६९ लाख लोकांची माहिती बाहेर पडली. मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही, आणि एकाने लाळ दिली की भावंडांचीही थोडी माहिती दिली जाते. म्हणून घरच्यांना विचारून मगच नमुना द्यावा.

आधी घरातल्यांकडून चार पिढ्यांची नावे, गावे आणि स्त्रियांची माहेरची आडनावे लिहून काढावीत, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात आणि मग एखादा नेमका प्रश्न उरला तर चाचणीकडे वळावे. पैसे एकाच चाचणीपुरते असतील तर ती तरुणाने स्वतःची न करता आजीची करावी. आजीच्या आजीचा डीएनए आजीमध्ये सरासरी पाव असतो, नातवात फक्त सोळावा हिस्सा.