एका वेळी एकच

सकाळी ६.००

गॅरेजचं दार वर सरकवलं की आधी वास येतो, ग्रीसचा, जुन्या रबराचा आणि किंचित पेट्रोलचा. ऑगस्टचा पहिला शनिवार. डेट्रॉइटच्या उत्तरेला, रॉयल ओक गावातल्या आमच्या घरात १९६७ची पाँटिअ‍ॅक जीटीओ उभी आहे. आठ सिलिंडर, ४०० घनइंच, म्हणजे साधारण साडेसहा लिटरचं इंजिन. गुरुवारी संध्याकाळी चालवली, त्यानंतर हात लावलेला नाही.

किल्ली फिरवायच्या आधी एअर क्लीनर उतरवतो. चोकची पाटी बोटाने उघडी धरून बॅटरीच्या उजेडात कार्बोरेटरमध्ये डोकावतो आणि दुसऱ्या हाताने अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा ओढतो. आत पेट्रोलच्या दोन बारीक धारा उडायला हव्यात. एकही उडत नाही. फ्लोट चेंबर कोरडा पडलाय.

मग स्टार्टर मारतो. थांबून थांबून मारलेले धरले तर तब्बल २० सेकंद, तेव्हा कुठे इंजिन पेट घेतं. वहीत लिहितो: ‘धार नाही. २० सेकंद.’

सकाळी ६.४५

इंजिन गरम होईतो आधी इग्निशन बघायचं. कार्बोरेटरवर संशय असला तरी ठिणगी बरोबर आहे याची खात्री आधी हवी. या काळातल्या जनरल मोटर्सच्या आठ सिलिंडरच्या गाड्यांमध्ये डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला पत्र्याची एक छोटी खिडकी असते. ती वर सरकवायची आणि चालू इंजिनातच अ‍ॅलन की घालून पॉइंटची फट जुळवायची. मीटरवर ३० अंश दिसले पाहिजेत. मीटर नसेल तर इंजिन अडखळेपर्यंत की फिरवायची आणि तिथून अर्धा फेरा मागे घ्यायची. ज्याने हे बनवलं, त्याच्या डोळ्यांपुढे रस्त्याकडेला उभा असलेला मेकॅनिक होता.

३० अंश आहेत. व्हॅक्यूमची नळी काढून, तिचं तोंड बंद करून टायमिंगचा दिवा मारतो. पिस्टनच्या वरच्या टोकाआधी ६ अंश. दोन्ही जागेवर, म्हणून कशालाच हात लावत नाही.

हे ‘हात न लावणं’ शिकायला मला वेळ लागला. तीन वर्षांपूर्वी अशाच अडखळणाऱ्या इंजिनाचे प्लग, पेट्रोल पंप आणि टायमिंग मी एकाच दिवशी बदलले. गाडी जास्तच बिघडली. कशामुळे, ते शोधण्यात अख्खा उन्हाळा गेला. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर होते. ते म्हणायचे, “एका टायमाला एकच हलवायचं. मग चूक कुठं झाली ते आपसूक कळतंय.” गेल्या दसऱ्याला पान्यांच्या पेटीला लावलेलं हळदकुंकू अजून खणाच्या कडेला आहे. ते दिसलं की हे वाक्य आठवतं.

सकाळी १०.००

इंजिन थंड झालंय. कार्बोरेटर उतरवायचा. पेट्रोलची नळी सोडताना दोन पाने लागतात. एकाने मोठा नट धरून ठेवायचा, दुसऱ्याने नळीचा नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर केला तर नळीच पिळवटते. चार ठिकाणी सोडवून कार्बोरेटर उचलला की लगेच खालच्या भोकांवर स्वच्छ फडकं घालायचं. एक वॉशर आत पडला तर पुढचा आठवडा त्यातच जातो.

संशयित दोन. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते गरम इंजिनावर लवकर उडून जातं. दुसरा संशय या क्वाड्राजेट कार्बोरेटरच्या तळाच्या बुचांवर. कारखान्यात भोकं पाडून वरून ठोकलेली ही बुचं वर्षांनुवर्षांत सैल होतात आणि पेट्रोल थेंबाथेंबाने इंजिनात उतरतं.

कार्बोरेटरचे तीन थर सुटे करतो. मधला भाग धुऊन, वाळवून, तपकिरी कागदावर ठेवतो आणि त्यात पेट्रोल ओततो. गॅरेजचं दार सताड उघडं, अग्निशामक हाताशी, आसपास ठिणगी पडेल असं काही नाही. आता तासभर वाट बघायची.

दुपारी १२.३०

भाग उचलला. कागदावर रुपयाएवढे दोन ओले डाग, बरोबर बुचांच्या खाली. एवढे दोन डाग बघून जो आनंद होतो तो सांगता येत नाही. बिघाड सापडला.

दुपारी १.००

जेवताना मुलगी विचारते, “बाबा, हीच गाडी का?”

तिला सांगतो. १९६४ साली जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिअ‍ॅकच्या जॉन डिलॉरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाट काढली. ‘टेम्पेस्ट’ गाडीवर ३८९ घनइंचांचं इंजिन ‘पर्याय’ म्हणून दिलं आणि त्या पर्यायाला नाव दिलं जीटीओ. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या. मसल कारची लाट तिथून उसळली. पुढे विम्याचे हप्ते, धुराचे कायदे आणि १९७३चं तेलसंकट यांनी ती ओसरली. २०१०मध्ये पाँटिअ‍ॅक हे नावही संपलं. बनवणारा उरला नाही, म्हणून आता सांभाळणाऱ्यांनी ती जिवंत ठेवायची.

दुपारी २.००

बुचं ब्रशने घासून, वाळवून त्यांवर पेट्रोल सोसणारं इपॉक्सी लावतो. काडीच्या टोकाने, पातळ थर, कडा नीट दाबून. सुकायला उद्यापर्यंत वेळ द्यायचा. हात शिवशिवतात, तरी भाग फळीवर उंच ठेवून देतो.

दुपारी ४.००

इंजिनाचं काम थांबलंय, म्हणून ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ही ओल नळ्या आतून गंजवते, म्हणून ठरावीक काळाने जुनं ऑइल काढायचं. सुरुवात सर्वांत लांबच्या चाकापासून: मागचं उजवं, मागचं डावं, मग पुढची दोन. मुलगी सीटवर, मी चाकापाशी आडवा.

“दाब.”

“दाबलाय, बाबा.”

“धर.” निपल सोडतो. चहासारखं काळपट ऑइल पारदर्शक नळीतून बाटलीत उतरतं. निपल आवळतो. “आता सोड.”

आवळायच्या आधी तिने पाय उचलला तर हवा आत ओढली जाते. म्हणून ‘सोड’ कानावर पडेपर्यंत ती हलत नाही. चौथ्या चाकाला नळीतून मधाच्या रंगाचं स्वच्छ ऑइल येतं आणि पेडल पायाखाली घट्ट लागतो.

संध्याकाळी ६.३०

शेवटचं काम मागच्या काचेचं. काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांत पाणी साठतं. गाडी घेतली तेव्हा तिथे बोट जाईल एवढी भोकं होती आणि त्यातून पाणी झिरपून डिकीचा तळ खाल्ला होता. सडका पत्रा कापून नवा जोडला, तेव्हापासून दर धुण्यानंतर हे कोपरे हवेने फुंकून कोरडे करतो. डेट्रॉइटच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात इथले रस्ते मिठाने पांढरे होतात. त्या महिन्यांत ही गाडी बाहेर काढत नाही.

रात्री ९.००

रॉयल ओकमधून जाणाऱ्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या इंजिनांचा घुमार सुरू झालाय. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे ‘ड्रीम क्रूझ’ असते, १९९५पासूनची. लोक आठवडा-दोन आठवडे आधीच गाड्या बाहेर काढतात. आमची आज शांत आहे. बॉनेट उघडं, इंजिनावर फडकं, फळीवर कार्बोरेटर.

दिवा मालवण्याआधी वही उघडतो. सकाळच्या ओळीखाली लिहितो: ‘फक्त दोन बुचं बंद केली. टायमिंग, पॉइंट तसेच. सुकल्यावर बसवायचा. गाडी चालवून दोन दिवस ठेवायची, मग धार बघायची.’