रात्रपाळीचं कोलकाता

कोलकात्यात रात्रीची मजा कुठं, असं विचारलं की लोक बोट दाखवतात पार्क स्ट्रीटकडे. त्यात चूक काही नाही. तिथल्या ‘ट्रिंकाज’ रेस्टॉरंटमध्ये १९६९ च्या सुमारास मुंबईत वाढलेली एक तरुणी कांजीवरम नेसून, केसांत फुलं माळून इंग्रजी गाणी म्हणायला उभी राहिली. ती म्हणजे उषा उथुप. शेजारच्या ‘ब्लू फॉक्स’मध्ये सत्तरच्या दशकात पियानोवर लुई बँक्स, गायला पॅम क्रेन आणि सॅक्सोफोनवर गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस असत. पुढं करमणूक कर वाढला, कंपन्या शहर सोडू लागल्या आणि बहुतेक बँड बंद पडले. ‘ट्रिंकाज’मध्ये बँड अजून वाजतो.

पण पार्क स्ट्रीटवरचं गिऱ्हाईक घरी निघतं तेव्हा बाकीचं शहर कामाला लागतं.

कोलकात्याचं बंदर समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत, हुगळीच्या काठावर आहे. मोठ्या जहाजांना गाळानं भरलेल्या नदीतून भरतीच्या पाण्यावरच वर यावं लागतं. भरती मध्यरात्री असेल तर खिदिरपूर गोदीची माणसंही मध्यरात्री जागी. तिकडं पूर्वेला सियालदह स्टेशनाजवळच्या कोले मार्केटात भाजीचे ट्रक रिकामे होत असतात. त्या बाजूचा सर्क्युलर रोड बुजवलेल्या खंदकावर उभा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीनं १७४२ मध्ये तो खणायला घेतला होता. स्वार शहरापर्यंत आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला आणि १७९९ मध्ये त्यावर रस्ता झाला. त्या खंदकाचं नाव ‘मराठा डिच’. तेव्हा कोले मार्केटात भाव करताना आडनाव न सांगितलेलं बरं.

रात्रीची खरी गर्दी मात्र हावडा पुलाच्या पायथ्याशी, मल्लिक घाटावर. फुलांचा हा घाऊक बाजार १८५५ चा. पूर्व मेदिनीपूरमधल्या पांशकुडा आणि कोलाघाटहून, नदियातल्या रानाघाटहून लोकल गाड्यांनी फुलं येतात. दादरला झेंडू सुटा, किलोवर मिळतो. इथं तो गावातच ओवला जातो आणि हातभर जाड वेटोळ्यांनी उतरतो. वीस माळांची एक कुडी, आणि भाव कुडीचा. हमाल ही वेटोळी डोक्यावर, खांद्यांवर, दोन्ही दंडांवर घेतात, इतकी की चालताना खाली फक्त पाय दिसतात. वाट जेमतेम दोन माणसांची आणि पायाखाली पाणी, केळीची पानं, तुडवलेल्या पाकळ्या यांचा चिखल. मागून हमालाची हाक आली की बाजूला व्हायचं. कॅमेरा लावून मधेच उभ्या राहिलेल्या पाहुण्यांना धक्के बसतात, आणि ते रास्तच आहेत.

जास्वंद कळी असतानाच विकली जाते. पहाटे घेतलेली एकशे आठांची माळ कालीघाटला देवीच्या गळ्यात पडेपर्यंत उमलावी, हा हिशेब. निशिगंध लग्नघरांसाठी. पौष आणि चैत्रात बंगाल्यांची लग्नं नसतात, तेव्हा त्याचा भाव बसतो. माघ-फाल्गुनात तोच दुपटीनं मागितला तरी गिऱ्हाईक हलत नाही. पहाटे चारला मागितलेला भाव ऊन चढल्यावर कोणी मागत नाही, कारण फूल ठेवायला बहुतेकांकडे थंड जागा नाही. पूल आणि बाजाराखालची जमीन, दोन्ही बंदराच्या मालकीची. १९४३ च्या त्या पुलाचा एक शत्रू याच बाजारातला निघाला: पानाची पिचकारी. तिच्यातल्या चुन्यानं खांबांच्या तळाशी असलेली सहा मिलिमीटरची पोलादी आवरणं काही वर्षांत निम्मी झिजली, तेव्हा बंदराच्या अभियंत्यांनी वरून फायबरग्लास चढवला.

उजाडता उजाडता घाटावरून आत बडाबाजारात शिरावं. पाऊण तासाच्या चालीत १७२४ चं आर्मेनियन चर्च, १८८४ चं ज्यूंचं मागेन डेव्हिड सिनेगॉग आणि कच्छी मेमन जमातीनं १९२६ मध्ये बांधायला घेतलेली नाखोदा मशीद लागते. तिन्ही समाज व्यापाराच्या वाटेनं इथं आले. सिनेगॉगमध्ये आता प्रार्थनेला पुरेसे ज्यू जमत नाहीत. देखभाल मुसलमान कर्मचारी करतात आणि चोख करतात.

पुढं पोद्दार कोर्टाजवळ टिरेटा बाजार, इटलीहून आलेल्या एडवर्ड टिरेटाच्या नावाचा. इथल्या चिनी कुटुंबांनी एके काळी सुतारकाम, चामडं आणि दातांचे दवाखाने सांभाळले. १९६२ च्या युद्धानंतर देशभरातल्या हजारो चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. सुटल्यावर कितीतरी जण कॅनडाला गेले. उरलेले पहाटे फुटपाथवर टोपल्या मांडतात: वाफाळते पाव, डुकराच्या मांसाचे मोमो, माशांच्या गोळ्यांचं सूप. शेजारी बिहारी भाजीवाला आणि बंगाली मासेवाला. हल्ली पुरी-भाजीही दिसते आणि चिनी टोपल्या कमी झाल्यात. दहा वर्षांनी काय उरेल, याबद्दल फार आशा बाळगू नये.

जायचंच असेल तर रविवारी जावं आणि साडेसहाच्या आत पोहोचावं. मोमो आधी संपतात, आणि आठ वाजले की तिथं भाजीबाजार तेवढा उरतो.